उटीचा कागद आणि तालुक्याची डार्करूम: एका फोटो स्टुडिओचा प्रकरण अभ्यास

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी हा स्टुडिओ आहे. मालकांच्या इच्छेवरून गावाचं, दुकानाचं आणि माणसांचं नाव इथे दिलेलं नाही. ओळख पटेल असे काही बारीक तपशीलही बदलले आहेत. अशा दुकानांबद्दल बोलताना 'डिजिटल आलं आणि धंदा बसला' एवढ्यावर विषय संपवला जातो. हे दुकान मात्र गावात पहिला डिजिटल कॅमेरा येण्याच्या बरंच आधी अडचणीत सापडलं होतं आणि त्या अडचणीची मुळं गावात नव्हतीच. त्यातलं एक मूळ निलगिरीच्या डोंगरात होतं आणि दुसरं कापसाच्या खरेदी केंद्रावर. म्हणूनच हे प्रकरण तपशिलात मांडावंसं वाटलं.

पार्श्वभूमी

मालकांना गावात सगळे 'भाऊ' म्हणतात. अमरावतीच्या एका स्टुडिओत उमेदवारी करून 1970च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी स्वतःचं दुकान टाकलं. पुढे बसायची खोली, मधे रंगवलेला पडदा आणि दोन दिवे, मागे डार्करूम. डार्करूमच्या दाराला काळ्या कापडाचे दोन पडदे, म्हणजे एक माणूस आत शिरताना उजेड आत शिरू नये. कामाला तीन माणसं. फोटो भाऊ काढायचे. रोल धुणं आणि छपाई जवळच्या खेड्यातला एक कारागीर करायचा, तो मिसरूड फुटायच्या वयात कामाला लागला होता. निगेटिव्हवर पेन्सिलीने रिटचिंग आणि छापलेल्या फोटोवरचे पांढरे ठिपके बारीक ब्रशने भरणं हे काम भाऊंच्या पत्नी, म्हणजे काकू करत. देवीचे व्रण, डोळ्याखालचे खड्डे, फाटकी बाही, सगळं त्या अशा सफाईने सांभाळत की आजूबाजूच्या तालुक्यांतूनही काम येई.

दुकानाचं वर्ष पावसाळ्यावर आणि कापसावर चाले. दिवाळीनंतर सीतादही, म्हणजे कापूस वेचणीची पूजा, व्हायची, कापसाच्या गाड्या खरेदी केंद्रावर लागायच्या आणि चुकारा, म्हणजे कापसाचे पैसे, हातात आला की कुटुंबंच्या कुटुंबं बाजाराच्या दिवशी फोटो काढायला यायची. नवं धोतर, नवं लुगडं, मांडीवर लहानगं पोर. त्याच सुमारास दहावी-बारावीच्या परीक्षेचे फॉर्म भरले जायचे आणि पासपोर्ट साइजची रांग लागायची. मग लग्नसराई. मृगापासून पोळ्यापर्यंत दुकान जवळजवळ रिकामं.

महाराष्ट्रात 1970च्या दशकात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. शेतकऱ्याने कापूस सरकारी यंत्रणेलाच विकायचा, भाव आधी ठरलेला. योजनेबद्दल तक्रारी पुष्कळ होत्या, चुकारे रखडायचे, ग्रेडवरून भांडणं व्हायची. तरी पैसा साधारण कधी येणार हे गावाला ठाऊक असे आणि भाऊ त्या अंदाजाने कागद भरून ठेवत. पुढचं सगळं समजून घ्यायला ही गोष्ट लक्षात ठेवावी लागेल.

कागद कुठून यायचा

ब्रोमाइड कागद, म्हणजे कृष्णधवल फोटो छापायचा कागद, आणि 120 आकाराचे फिल्म रोल नागपूरच्या व्यापाऱ्याकडून यायचे. त्यात 'इंदू' छापाचा माल मोठा होता. हा माल बनायचा उटीला, हिंदुस्थान फोटो फिल्म्स या केंद्र सरकारच्या कारखान्यात. कंपनी 1960 साली स्थापन झाली, फ्रान्सच्या बोशे कंपनीचं तंत्रज्ञान घेतलं गेलं आणि 1967 मध्ये उत्पादन सुरू झालं. जागा उटीला निवडली ती थंड हवा आणि धूळमुक्त वातावरणासाठी. सिनेमाची कृष्णधवल फिल्म, एक्स-रे फिल्म, रोल, कागद, सगळं तिथे व्हायचं. पोलाद, यंत्रं, औषधं आपणच बनवायची, परकीय चलन वाचवायचं, हा त्या काळाचा आग्रह होता आणि फोटोचा कागद त्याच यादीत बसत होता. कारखान्याभोवती इंदुनगर नावाची वसाहत उभी राहिली. नोकरी लागली की आयुष्यभराची, अशी ती दुनिया.

या कामाचं स्वरूप वेगळं आहे. चांदी नायट्रिक आम्लात विरघळवून सिल्व्हर नायट्रेट करायचं. जिलेटिनच्या कोमट द्रावणात ते पोटॅशियम ब्रोमाइडला भेटलं की सिल्व्हर ब्रोमाइडचे अतिसूक्ष्म कण तयार होतात. ते कण तापवून 'पिकवायचे', नको असलेले क्षार धुवून काढायचे आणि मग हे मिश्रण मीटरभर रुंदीच्या धावत्या कागदावर केसाहूनही पातळ थरात पसरवायचं. फिल्मसाठी हे सगळं पूर्ण अंधारात, कागदासाठी मिणमिणत्या रंगीत दिव्यात. कामगार पावलं मोजून चालतात, हाताच्या ओळखीने झडपा फिरवतात. जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यापासून निघतं, आणि फिल्मचा वेग त्यातल्या गंधकाच्या अंशमात्र संयुगांवर अवलंबून असतो हे कोडॅकच्या सॅम्युअल शेपर्ड यांनी 1920च्या दशकात शोधून काढलं. मोहरीवर्गातल्या वनस्पतींमध्ये असणारं तिखट द्रव्य तिथे उपयोगी पडतं, म्हणजे गुरांनी काय खाल्लं याचा परिणाम थेट फोटोवर होऊ शकतो. एवढ्या नाजूक गोष्टी जुळवून दर वेळी तोच कागद काढणं ही पिढ्यांची कमाई असते.

तालुक्याच्या डार्करूमकडे मी या कारखान्याचं शेवटचं टेबल म्हणून पाहतो. उटीला अंधारात सुरू झालेलं काम यवतमाळ जिल्ह्यातल्या अंधारात पुरं व्हायचं.

ते पुरं करणं इथे सोपं नव्हतं. डेव्हलपर, म्हणजे फोटो उमटवणारं द्रावण, 20 अंश सेल्सियसला वापरावा असं डब्यावर लिहिलेलं असतं, आणि इथे मे महिन्यात पारा 45 च्या वर. ट्रेमधलं पाणी 35 ला गेलं की जिलेटिन फुगतं, निगेटिव्हला सुरकुत्या पडतात, कधी थरच कडेने सुटतो. कारागीर उन्हाळ्यात पहाटे चारला काम काढायचा, बर्फ कारखान्याची लादी भुशात गुंडाळून आणायचा आणि ट्रे बर्फाच्या परातीत ठेवायचा. हायपोमध्ये, म्हणजे उमटलेला फोटो पक्का करणाऱ्या द्रावणात, तुरटी घालायचा. तुरटीने जिलेटिन घट्ट होतं, हे शास्त्र त्याला कोणी शिकवलं नव्हतं, पण प्रमाण तो नेमकं जाणून होता. पाण्याची टंचाई ही त्याहून मोठी पंचाईत. ब्रोमाइड वाहत्या पाण्यात तासभर धुवायला हवा, नाहीतर आत राहिलेला हायपो काही वर्षांनी फोटो पिवळा करतो. गावातल्या जुन्या फोटोंमध्ये पिवळे पडलेले बहुतेक एप्रिल-मेमध्ये छापलेले आहेत. रजिस्टरच्या तारखांवरून हे ताडून पाहता येतं.

अडचण

1990च्या दशकाच्या मध्यापासून नागपूरहून कागद वेळेवर मिळेना. मिळाला तर हवा तो ग्रेड नसे. काळ्या-पांढऱ्यातला फरक किती तीव्र उमटणार हे ग्रेडवर ठरतं. भाऊंचं सगळं काम नॉर्मल ग्रेडवर बसलेलं होतं, आणि दुकानात येई तो हार्ड. उन्हात रापलेला चेहरा आणि डोक्यावर पांढरी टोपी, हे इथल्या फोटोचं रोजचं चित्र. हार्ड कागदावर टोपी धरली तर चेहरा काळा पडतो, चेहरा धरला तर टोपी कागदाइतकी कोरी होते. लोक फोटो परत करू लागले. कारागिराने डेव्हलपर पातळ करून, रोल कमी वेळ धुवून तोडगा काढला, पण दर खेपेला कागद बदलला की त्याची सगळी गणितं नव्याने मांडावी लागत.

उटीला काय चाललं होतं याची गावात कुणाला कल्पना नव्हती. 1991 नंतर आयात शुल्क उतरत गेलं, परदेशी माल स्वस्त झाला. कारखान्याने पॉलिएस्टर आधाराच्या एक्स-रे फिल्मचा मोठा प्रकल्प कर्जावर उभारला होता, त्याचं ओझं वाढत गेलं. 1990च्या दशकाच्या मध्यात कंपनी आजारी उद्योगांच्या यादीत गेली. 2003 मध्ये बीआयएफआरने, म्हणजे आजारी उद्योगांचा निवाडा करणाऱ्या केंद्राच्या मंडळाने, ती गुंडाळावी असं मत दिलं आणि 2014 मध्ये उरलेल्या कामगारांच्या स्वेच्छानिवृत्तीसाठी केंद्राने पैसे मंजूर केले.

या कारखान्यांबद्दल बोलताना आळस, युनियन, सरकारी कारभार असे शब्द पटकन वापरले जातात. कारभारात दोष असतीलही. पण केवळ कार्यसंस्कृतीवर बोट ठेवणं मला पटत नाही, कारण परदेशातले नावाजलेले कारखानेही, त्यांत खाजगीही, याच कड्यावरून घसरले. पूर्व जर्मनीतला वोल्फेनचा कारखाना, ज्याचे ओर्वो छापाचे रोल आपल्याकडेही यायचे, जर्मनीच्या एकीकरणानंतर काही वर्षांतच संपला. इंग्लंडची इल्फर्ड 2004 मध्ये दिवाळखोरीच्या दारात गेली. अॅग्फाफोटो 2005 मध्ये बुडाली. कोडॅकने त्याच वर्षी कृष्णधवल कागद बनवणं थांबवलं आणि 2012 मध्ये स्वतः दिवाळखोरीसाठी अर्ज केला. लेप चढवणारं यंत्र हळू चालवता येत नाही, हे यामागचं खरं कारण. ते सुरू करताना आणि थांबवताना बराच माल वाया जातो. हवा, आर्द्रता, तापमान दिवसरात्र सांभाळावं लागतं, मग शंभर खोकी काढा की लाख. आणि माल करून साठवता येत नाही, कारण कागदाला मुदत असते. मागणी एका पातळीखाली गेली की चांगला कामगारही कारखाना वाचवू शकत नाही.

दुकानाची दुसरी बाजूही त्याच वर्षांत खचत होती. कापसाचे चुकारे आणखी रखडू लागले, पुष्कळ शेतकरी परभारे व्यापाऱ्याला माल देऊ लागले आणि 2002च्या सुमारास एकाधिकार संपला. बाजाराच्या दिवसाची ती गर्दी विस्कटली. भाऊंचा कागद आणि भाऊंच्या गिऱ्हाइकाचा पैसा, दोन्ही एकाच काळातल्या सरकारी व्यवस्थांमधून येत होते आणि दोन्ही जवळपास एकदमच सुटले. दुकानात मात्र चर्चा एकच, "कलरनं मारलं."

कोणते पर्याय होते

त्या वेळी घरात जे पर्याय बोलले गेले ते भाऊ, काकू आणि थोरला मुलगा यांच्याकडून वेगवेगळे ऐकले. तिघांच्या आठवणी सगळ्या जुळत नाहीत, पण मुद्दे जुळतात.

पहिला पर्याय, मिळेल तेव्हा वर्षभराचा कागद भरून ठेवायचा. हा भाऊंचा कल होता. दुसरा, मुंबईच्या व्यापाऱ्याकडून परदेशी कागद मागवायचा. तो महाग होता, पण हमखास एकसारखा निघे. पासपोर्ट फोटोच्या दरात तो परवडेना. तिसरा, रंगीत रोल काढून नागपूरच्या लॅबला पाठवायचे आणि कमिशनवर काम करायचं. चौथा, बँकेचं कर्ज काढून स्वतःची कलर मिनीलॅब लावायची. मशीन लाखांच्या घरात, वर एसी, स्टॅबिलायझर आणि जनरेटर. मुलाला हे हवं होतं. काकू स्पष्ट नाही म्हणाल्या: "लाइन दिवसाची राहते का इथं? मशीनचे हप्ते का अंधारात भरसान?"

पाचवा पर्याय ऐकून मी थांबलो. तालुक्याच्या कनिष्ठ महाविद्यालयातले रसायनशास्त्राचे एक सर भाऊंचे मित्र. वर्धेच्या ग्रामोद्योगी वातावरणात वाढलेले. 1934 मध्ये वर्ध्यात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, मगन संग्रहालय उभं राहिलं, गावात काय काय बनू शकतं याचा तिथे अनेक वर्षं कसून विचार झाला. सरांचं म्हणणं, कागद आपणच का करू नये? सिल्व्हर नायट्रेट, ब्रोमाइड, जिलेटिन, तिन्ही मिळतात. त्यांनी सुट्टीत प्रयोगशाळेत करूनही पाहिलं. फोटो उमटला! पण लेप एका कोपऱ्यात जाड, एकात पातळ, वेग फार कमी, आणि एका पानाला लागणारी चांदी विकतच्या कागदाहून महाग. साध्या ड्रॉइंग पेपरवर डागही पडले, कारण या कागदात लोखंडाचा कणसुद्धा चालत नाही. बल्लारपूरची मोठी पेपर मिल इथून फार लांब नाही, पण लिहायच्या कागदाची शुद्धता आणि या कागदाची शुद्धता यांत पुष्कळ अंतर आहे. सूत घरी कातता येतं, तेल घाणीवर काढता येतं, पण परीक्षेच्या फॉर्मसाठी शेकडो एकसारखे फोटो लागतात तिथे हातलेपाचा कागद टिकत नाही. सरांचा प्रयोग धंदा म्हणून फसला, तरी आपण कशावर अवलंबून आहोत हे त्या घराने नीट पाहिलं ते या एकाच वेळी. तिथून पुढे विचार व्हायला हवा होता, तो झाला नाही.

काय केलं

तिसरा पर्याय स्वीकारला गेला आणि सोबत पहिलाही. रंगीत रोलचं कमिशन सुरू झालं. एसटीच्या पार्सलने रोल नागपूरला जायचे, तीन-चार दिवसांनी प्रिंट यायचे. शिवाय भाऊंनी काकूंचे दागिने गहाण ठेवून कागदाचा मोठा साठा केला.

तो साठा टिनाच्या छताखालच्या खोलीत ठेवला गेला. दोन उन्हाळे गेले. कागद धुरकटला, पांढरा भाग राखाडी छापू लागला. डेव्हलपरमध्ये पोटॅशियम ब्रोमाइड वाढवून कारागिराने काही दिवस निभावलं, पण अर्ध्याहून जास्त साठा फेकावा लागला. दागिने सोडवायला पुढे बरीच वर्षं गेली. कारागीर आजही ते सांगताना हळहळतो: "म्या म्हनलं होतं भाऊले, खालच्या अंगाले ठेवा, कोठीत. मानसाले गरम होते तं कागदाले नाई होनार?"

माझ्या मते इथे निर्णय साठ्याचा चुकला नव्हता, साठवणुकीचा चुकला. गावात शीतपेट्या असलेली दुकानं होती, औषधांचं दुकान होतं, कृषी केंद्र होतं. खोकी जाड पिशवीत हवाबंद करून तिथे ठेवता आली असती. ही सूचना ज्याच्याकडून यायला हवी होती तो कारागीर पैशाच्या चर्चेत कधी बसवलाच गेला नाही. हिशेब घरात, काम डार्करूममध्ये, आणि मधे तो काळा पडदा.

दुसरा निर्णय: कारागीर

2000 नंतरच्या काही वर्षांत संगणक आणि रंगीत प्रिंटर आले. पासपोर्ट फोटो पाच मिनिटांत मिळू लागला. डार्करूमला काम उरलं नाही. मुलाने कारागिराला संगणक शिकवण्याचा प्रयत्न केला, पण तो अर्ध्या मनाने. वीस-बावीस वर्षं अंधारात बोटांनी काम केलेल्या माणसाला माउसवर बसवायचं तर वेळ द्यावा लागतो, आणि दुकानाकडे वेळ नव्हता. भारनियमनाच्या त्या वर्षांत दिवसाची वीज असेल तेवढ्या तासांत सगळं आटपायचं असे.

मार्ग निघाला तो गावातल्याच एका डॉक्टरांकडून. त्यांच्या दवाखान्यात एक्स-रे मशीन होतं आणि फिल्म धुणारा मुलगा सोडून गेला होता. डेव्हलपर तोच, हायपो तोच, लाल दिवा तोच. कारागीर दुसऱ्या दिवशी कामाला लागला. त्याने धुतलेल्या फिल्मवर बारीक चीर इतकी स्वच्छ दिसायची की डॉक्टरांनी त्याचा पगार वाढवला. पुढे तिथेही संगणकावरचे एक्स-रे आले, पण तोवर त्याला दहाएक वर्षं मिळाली आणि मुलीचं लग्न झालं.

या प्रकरणातला सगळ्यात चांगला निर्णय हाच, आणि तो योगायोगाने झाला याचं मला वाईट वाटतं. अंधारखोलीचं कौशल्य आणखी कुठे लागतं, हा प्रश्न पाच वर्षं आधी विचारता आला असता. जिल्ह्याच्या गावचे दवाखाने, छापखान्यातलं प्लेट बनवण्याचं काम, तिथे निगेटिव्ह-पॉझिटिव्ह चालायचंच. जपानच्या फुजीने हाच प्रश्न कंपनीच्या पातळीवर विचारला. फिल्मसाठी कमावलेलं जिलेटिनचं, पातळ थरांचं ज्ञान तिने सौंदर्यप्रसाधनं आणि एलसीडी पडद्यांच्या फिल्मकडे वळवलं. उटीला हजारो लोकांच्या हातात तसलंच ज्ञान होतं. ते कुठे लावायचं हे विचारणारं कुणी उभं राहिलं असतं तर बरं झालं असतं, असं वाटत राहतं.

तिसरा निर्णय: निगेटिव्हच्या पेट्या

दुकानाच्या माळ्यावर पत्र्याच्या पेट्या होत्या. प्रत्येक निगेटिव्ह बटरपेपरच्या पाकिटात, पाकिटावर नंबर, आणि नंबराची नोंद रजिस्टरमध्ये: तारीख, नाव, गाव, साइज, अॅडव्हान्स किती. काही वर्षांपूर्वी मोठ्या शहरातून चांदी काढणारा एक व्यापारी आला. जुने एक्स-रे आणि निगेटिव्ह तो किलोवर घेई. छपराची दुरुस्ती निघाली होती, पैसे हवे होते. भाऊ तयार झाले. दोन पेट्या गेल्या.

तिसरी पेटी काढताना काकूंनी झाकण उघडलं आणि व्हिनेगरसारखा आंबट वास आला. अॅसिटेट फिल्म उष्णतेत आणि ओलाव्यात कुजू लागली की असा वास सुटतो, आणि एका निगेटिव्हचं आम्ल शेजारच्यालाही धरतं. काकूंनी वरची पाकिटं उजेडात धरून पाहिली. त्यांतली एक बाई त्यांच्या ओळखीची होती, तिच्या नवऱ्याचा दुसरा फोटो घरात नव्हता हेही त्यांना ठाऊक होतं. व्यापाऱ्याला त्यांनी चहा पाजून परत पाठवलं. "छपराचं पाहू पुढच्या वर्षी," एवढंच म्हणाल्या.

नंतर पर्याय तीन होते. सगळं एखाद्या संस्थेला देऊन टाकायचं, गावातच स्कॅन करायचं, किंवा मागणी आली तेवढंच काढून द्यायचं. संस्थेकडे पत्र गेलं, उत्तर आलं नाही. मुलाने जुना फ्लॅटबेड स्कॅनर घेऊन काम सुरू केलं. कुजू लागलेली पाकिटं आधी वेगळी केली, ती एका बाजूला हवेशीर खोलीत ठेवली, चांगली नव्या कागदी पाकिटांत घातली. हा क्रम बरोबर होता. प्लास्टिकच्या पिशव्या वापरल्या असत्या तर आम्ल आत कोंडून नुकसान वाढलं असतं.

आजची स्थिती

दुकान चालू आहे. लग्नाचं शूटिंग, अल्बम, झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म. नफा बेताचा. डार्करूममध्ये आता कागदाची रिमं आणि फ्रेमच्या काड्या आहेत, एन्लार्जर, म्हणजे निगेटिव्हवरून मोठा फोटो छापायचं यंत्र, मात्र भाऊंनी विकू दिला नाही.

निगेटिव्हचं काम धंद्याला हळूहळू हातभार लावतं आहे. वर्षश्राद्धाला आजोबांचा मोठा फोटो हवा असतो, घरात असतो तो पिवळा पडलेला. नाव आणि गाव सांगितलं, साधारण साल सांगितलं की मुलगा रजिस्टर काढतो. सापडलं तर मूळ निगेटिव्हवरून असा चेहरा निघतो की माणसं काउंटरवर उभ्या उभ्या रडतात. गेलेल्या दोन पेट्यांतले नंबर आले की मात्र सांगावं लागतं, नाही म्हणून. त्या वर्षांची गावं कोणती होती हे मुलाने रजिस्टरवरून काढलं आहे आणि त्या गावांतल्या घराघरांत असलेले छापील फोटो तो स्कॅन करून घेतो, पैसे न घेता.

नागपूरच्या काही तरुण छायाचित्रकारांनी इथे ब्रोमाइड छपाई पुन्हा सुरू करायचं सुचवलं. कागद मिळतो. चेक प्रजासत्ताकातली फोमा ही 1921 सालची कंपनी तो अजून बनवते, आणि इल्फर्डचा कृष्णधवल व्यवसाय 2005 मध्ये तिथल्याच व्यवस्थापकांनी विकत घेऊन वाचवला, तोही अजून चालू आहे. दोघांनीही सगळं बनवण्याचा हट्ट सोडून थोडक्यांसाठी, पण नेमकं बनवायचं ठरवलं. आयात होऊन इथे येईस्तोवर त्या कागदाची किंमत तालुक्याच्या गिऱ्हाइकाला पेलत नाही. भाऊंनी विचार केला आणि नको म्हणाले. मला तो निर्णय योग्य वाटतो, कारण कारागिराचे डोळे आता साथ देत नाहीत, आणि दुसरं कोणी ते काम जाणत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

काकूंचं रिटचिंग दुकानाची खरी ओळख होती आणि ते कागदावर अवलंबून नव्हतं. जिल्ह्यातल्या इतर स्टुडिओंकडून रिटचिंगची कामं घेता आली असती. पुढे संगणकावर तेच काम करणाऱ्या पोरांना त्यांनी चेहरा कसा वाचायचा ते शिकवलं असतं. हा पर्याय कधी मांडलाच गेला नाही, कारण काकूंचं काम घरकामासारखं धरलं गेलं. त्याचा मोबदला हिशेबाच्या वहीत कुठेच नाही.

तालुक्यात तेव्हा चारेक स्टुडिओ होते. चौघांनी मिळून कागद मागवला असता तर परदेशी मालाचा भाव उतरला असता आणि ग्रेडही निवडता आला असता. ते एकमेकांची गिऱ्हाइकं ओढण्यात गुंतले होते. जिथे जिनिंगच्या सोसायट्या होत्या, दूध सोसायट्या होत्या, तिथे फोटोवाल्यांची सोसायटी कुणाच्या मनात आली नाही.

नागपूरचा व्यापारी 'पुढच्या आठवड्यात या' म्हणू लागला तेव्हा तो असं का म्हणतो, हे कुणी विचारलं नाही. उटीच्या कारखान्याची अवस्था वर्तमानपत्रांत येत होती. ज्या एका वस्तूवर घर चालतं ती कोण बनवतं आणि त्याचं कसं चाललं आहे याची चौकशी वर्षातून एकदा तरी व्हायला हवी होती. तसं झालं असतं तर दागिने गहाण पडले नसते, असं मुलगाही म्हणतो.

रजिस्टरांचं टंकन अजून राहिलं आहे. अक्षर भाऊंचंच, स्वच्छ देवनागरी, काही पानं वाळवीने खाल्लेली. दहावी झालेली मुलं उन्हाळ्याच्या सुट्टीत बसवून गावनिहाय यादी करायची आणि ती ग्रामपंचायतींना द्यायची, असा मुलाचा बेत आहे. मुलांना द्यायच्या पैशांची तजवीज अर्धी झाली आहे. पहिली यादी कारागिराच्या गावाची करायची असं ठरलं आहे, कारण त्या गावचे चेहरे तो नावानिशी ओळखतो आणि वाळवीने खाल्लेल्या ओळी त्याला तोंडी भरता येतील.